पावसाळ्यानंतरचा अल्को: डब्ल्यूडीएम-३ए, प्रमाण १:८७

९ जून २०२४

हे मॉडेल एका ठरावीक आठवड्याचं करायचं, हे आज पक्कं केलं. इंजिन मध्य रेल्वेचं डब्ल्यूडीएम-३ए जातीचं डिझेल, काळ २००५ च्या आसपासचा, जागा कोकण रेल्वे. दसरा होऊन गेलाय, पाऊस ओसरलाय, पण ३१ ऑक्टोबरपर्यंतचं पावसाळी वेळापत्रक अजून चालू आहे, अशी वेळ. एवढं काटेकोर ठरवलं कारण मे महिन्यातलं इंजिन आणि ऑक्टोबरमधलं इंजिन यांचा मळ एकसारखा नसतो. मे महिन्यात छतापासून चाकापर्यंत कोरडी धूळ बसलेली असते. चार महिन्यांच्या पावसानंतर वरचा भाग धुऊन निघालेला, पण खाली चिखल वाळून घट्ट झालेला. बरीच मॉडेलं अंगभर एकच तपकिरी हात मारून 'जुनी' केलेली दिसतात. मला ती कधीच खरी वाटली नाहीत. प्रत्येक डाग कशाचा, कुठून आला आणि त्यानंतर त्याच्यावर किती पाऊस पडला, हे सांगता आल्याशिवाय तो काढायचा नाही, असा या कामाचा नियम.

इंजिनाची कुळकथा थोडक्यात. अमेरिकेच्या अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-२ इंजिनं १९६२ मध्ये भारतात आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. पुढे ३१०० अश्वशक्तीची सुधारित आवृत्ती निघाली. तिला आधी डब्ल्यूडीएम-२सी म्हणत, नंतर ३ए. शिवाय जुनी डब्ल्यूडीएम-२ पटियालाला नेऊन त्यांची नव्यानं बांधणी करत. अशा इंजिनाच्या नंबराच्या शेवटी 'आर' लागतो. ज्या फोटोवरून मी हे मॉडेल करतोय, त्यातल्या इंजिनाला तो 'आर' आहे, म्हणजे सांगाडा जुना आणि यंत्र नवं. त्यामुळे हूडची, म्हणजे यंत्रावरच्या पत्र्याच्या आवरणाची, दारं अगदी सपाट दाखवून चालणार नाही.

१६ जून

मापं काढली. एका टोकाच्या बफरपासून (धक्का झेलणाऱ्या गोल तोंडाच्या दांड्यापासून) दुसऱ्या टोकाच्या बफरपर्यंत १७,१२० मिमी, म्हणजे मॉडेलवर १९७ मिमीच्या आत-बाहेर. रुंदी २,८६४ चे ३३, उंची ४,१८५ चे ४८. रेझिनमध्ये छापून घेतलेली बॉडी कॅलिपर लावून तपासली. लांबी-रुंदी बरोबर आहे, फक्त कॅबचं छत किंचित जास्त गोल आहे. ते घासून घेता येईल.

रुळांचा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक मॉडेलकाराला सोडवावा लागतो. ब्रॉडगेज १,६७६ मिमी, १:८७ ला ते १९.३ मिमी होतं. बाजारात मिळणारे एचओ (१:८७ प्रमाणाचे) रूळ १६.५ मिमीचे, म्हणजे परदेशातल्या १,४३५ मिमी गेजचे. १९.३ चे रूळ स्वतः टाकणारे लोक आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. माझं इंजिन मात्र मित्रांच्या रुळांवर धावायला हवं, म्हणून गेज १६.५ च ठेवतोय. चाकं दोन्ही बाजूंनी १.४ मिमी आत जातात. बोगीची (बोगी म्हणजे इथं डबा नव्हे, चाकं आणि धुरे धरणारा खालचा गाडा) फ्रेम मात्र खऱ्या रुंदीला ठेवायची आणि मधली फट ब्रेकच्या सामानानं भरायची. बाजूनं बघणाऱ्याच्या नजरेला ती फट लागत नाही.

३० जून

बोगी. अल्कोची ट्रायमाउंट बोगी दुरूनही ओळखू येते, कारण तिच्या तीन धुऱ्यांमधली अंतरं समान नसतात. चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटरी बसवण्यासाठी धुरे असे सरकवलेले आहेत. याच घराण्यातल्या अमेरिकन सहाचाकी बोगीची मॉडेलं मिळतात, त्यातलीच घेतलीय. पण अमेरिकन अल्कोचं चाक ४० इंची, म्हणजे १,०१६ मिमी. आपलं नवं चाक १,०९२ मिमी. मॉडेलवर ११.७ आणि १२.५. एक मिमीसुद्धा फरक नाही, तरी डोळ्याला कळतो.

सरळ १२.५ ची चाकं मागवणार होतो, तेवढ्यात फोटो मोठा करून पाहिला. बोगीची फ्रेम आणि चाकाची कड यांच्यात बरीच मोकळी जागा आहे. चाक झिजतं, लेथवर घेतात, पुन्हा झिजतं, व्यास कमी होत जातो. वीसपंचवीस वर्षं धावलेल्या इंजिनाखाली कोरं करकरीत चाक असेलच असं नाही. म्हणून १२ मिमी निवडलं, म्हणजे खऱ्या मापात १,०४४. माझ्या मते या आठवड्यातल्या या इंजिनासाठी हेच माप खरं.

यातूनच पुढचं ठरलं: फोटोवरून मापं काढताना चाकाचा आधार घ्यायचा नाही. त्याऐवजी दोन बफरांच्या मध्यांमधलं अंतर घ्यायचं. ते १,९५६ मिमी, आणि ते झिजत नाही.

१४ जुलै

बफर बीम. इंजिनाचं तोंड खरं दिसलं तर बाकीच्या लहानसहान गोष्टी नजर माफ करते, म्हणून इथं घाई नाही.

बफर युरोपियन मॉडेलांचे घेतले, पण त्यांची भोकं बुजवून नव्यानं पाडली. तिकडे बफरांच्या मध्यांमधलं अंतर १,७५० असतं, आपलं १,९५६, मॉडेलवर २०.१ विरुद्ध २२.५. आपल्या इंजिनाचा ऐसपैस चेहरा या अडीच मिमीत आहे. उंचीही जपायला हवी: बफरचा मध्य रुळापासून जास्तीत जास्त १,१०५ मिमी, मॉडेलवर १२.७.

मध्ये सीबीसी कपलर (डबे जोडायचा मधोमधचा आकडा) आणि त्याला लटकणारं स्क्रू कपलिंग. त्याच्या बाजूला नळ्या. ब्रेक पाइप आणि फीड पाइप यांचे कॉक (तोट्या) वेगवेगळ्या रंगाचे असतात, बीपी हिरवा आणि एफपी पांढरा. पाच किलो आणि सहा किलो दाबाच्या नळ्या चुकीच्या जोडल्या जाऊ नयेत म्हणून ही सोय. मॉडेलवर हे कॉक म्हणजे जेमतेम टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, पण ते नसतील तर जाणकाराची नजर तिथंच अडते. माझ्या फोटोतल्या इंजिनाला व्हॅक्यूमचा जाड नळही आहे, कारण ते हवेच्या आणि व्हॅक्यूमच्या अशा दोन्ही ब्रेकांचं आहे. नळ्यांसाठी गिटारची सर्वांत बारीक गुंडाळीची तार वापरली. वाकवली की रबरी नळीसारखीच लोंबते आणि गुंडाळीमुळे वळ्याही दिसतात. व्हॅक्यूमच्या नळाला त्याहून जाड तार.

कॅटल गार्ड (रुळावरची गुरं बाजूला सारणारी पुढची जाळी) पितळी पट्ट्यांचा, सोल्डरचा डाग देऊन जोडला. रेझिनचा छापील गार्ड फार जाड दिसत होता.

४ ऑगस्ट

हूडवरची कामं. रेलिंगला ०.४ मिमी पितळी तार घेतली, खऱ्या मापात ती ३५ मिमीची होते. प्रत्येक खांबाला पिन व्हाइसनं (हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनं) भोक पाडून तार आत घातली आणि मागून चिकटवली, पुढून गोंदाचा थेंब दिसायला नको. लाँग हूडच्या (कॅबच्या एका बाजूच्या लांब आवरणाच्या; दुसऱ्या बाजूचं आखूड ते शॉर्ट हूड) टोकाला रेडिएटर आहे, तिथली छापील जाळी कापून काढली आणि पितळी जाळी बसवली. आता उजेडाकडे धरलं की छतावरच्या जाळीतून आतल्या पंख्याची पाती दिसतात.

सोसायटीतले काका संध्याकाळी येऊन गेले. डिझेल शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बॉडी डोळ्यांजवळ धरली.

"अरे, ही दारं सगळी एका ओळीत कशी काय बसली?"

"मग कशी बसवू, काका?"

"इंजिनासमोरची दारं दिवसातून किती वेळा उघडतात! तेल बघायचं, गव्हर्नर बघायचा. बिजागऱ्या सैल पडतात. एखादं दार किंचित बाहेर ठेव. आणि हात लागतो तिथं रंग उडवू नकोस, तिथं तेल लाव. आमचे हात कोरडे कधी असायचे रे?"

शेवटचं वाक्य लिहून भिंतीवर डकवलंय. मॉडेलकार हँडलभोवती रंग उडालेला दाखवतात, चंदेरी ठिपके देतात. खऱ्या इंजिनावर तिथं काळपट चकाकी असते. दोन दारं कापून काढली आणि पाव मिमी बाहेर ठेवून परत चिकटवली.

८ सप्टेंबर

रंगकाम थांबवलंय. मुंबईच्या दमट हवेत वार्निशवर पांढरट साय धरते, म्हणून फवारणी पाऊस गेल्यावरच.

गणपतीला गावी आलोय. आता जवळपास सगळ्या गाड्या विजेवर; कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरं झालं. स्टेशनाबाहेरच्या कटिंगमधून जांभ्याची माती डबीत भरून घेतली. कोकणचा लाल रंग बाटलीत मिळत नाही, असं मी म्हणत असतो, पण खरी माती सरसकट वापरायची नाही हेही तितकंच खरं. ०.१ मिमीचा कण मॉडेलवर जवळपास ९ मिमीचा खडा होतो. तेव्हा माती खलात कुटून, मलमलमधून गाळून, पाण्यात ढवळून, वर तरंगती राहते तेवढीच घ्यायची. उरलेली मातीही टाकायची नाही, रंग जुळवायला नमुना म्हणून ती लागेल.

२० ऑक्टोबर

हवा कोरडी झाली, एअरब्रश बाहेर आला. मूळ रंग निळा, त्यावर क्रीम पट्टा. बाटलीतला निळा रंग खऱ्याशी तंतोतंत जुळत असला तरी तसाच मारायचा नाही. लहान वस्तूवर रंग जास्त गडद दिसतो. खरं इंजिन आपण वीसपंचवीस पावलांवरून बघतो आणि मधली हवा रंग फिकट करते. दहा भागांना दीड भाग फिकट करडा मिसळला. पांढरा मिसळला असता तर निळा दुधाळ झाला असता. छताला आणखी अर्धा भाग करडा, कारण ऊन तिथंच सर्वांत जास्त लागतं.

दारांच्या पत्र्यांना थोडा थोडा वेगळा निळा दिला. बदललेलं दार नव्या रंगाचं असतं आणि शेजारचं जुन्या. फरक इतका कमी ठेवलाय की समोरून कळत नाही, तिरप्या उजेडात कळतो.

२७ ऑक्टोबर

चकचकीत वार्निश, त्यावर डिकॅल (छापून चिकटवायची अक्षरं), मग पुन्हा पातळ वार्निश. नंबर, 'आर', वर्ग, शेडचं नाव. अक्षरांची उंची फोटोवरून, बफरांच्या अंतराच्या हिशेबानं. शेडमध्ये अक्षरं हातानं रंगवायचे, त्यामुळे कॅबच्या दोन बाजूंचा एकच आकडा हुबेहूब सारखा नसतो. म्हणून दोन्ही बाजूंची डिकॅल वेगळी काढून छापली. संगणकातला तयार फॉन्ट लावला की इंजिन लगेच खेळणं दिसायला लागतं.

१० नोव्हेंबर

दिवाळी आटोपली, मळवायला घेतलं. सुरुवात छतापासून, कारण पाणी वरून खाली येतं आणि मळही त्याच वाटेनं उतरतो.

अल्कोचा काळा धूर सगळ्यांना माहीत आहे. ड्रायव्हर नॉच (शक्तीचा टप्पा) वाढवतो तेव्हा इंधन लगेच वाढतं, पण टर्बो (यंत्रात हवा दाबून भरणारा पंखा) वेग घेईपर्यंत हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर येतं. गाडी स्टेशनातून सुटताना हे सर्वांत जास्त. कोकण रेल्वे तेव्हा एकेरी मार्गाची, क्रॉसिंगसाठी थांबणं आणि पुन्हा सुटणं ठरलेलं. त्यात बोगद्यांची रांग; एकटा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. उघड्यावर धूर मागे निघून जातो. बोगद्यात तो छताला आपटून परत इंजिनावर उतरतो. म्हणून चिमणीमागे एक लांब काळा पट्टा एवढंच दाखवून भागणार नाही. शिवाय हे इंजिन दोन्ही दिशांना चालतं, कधी शॉर्ट हूड पुढे, कधी लाँग हूड. काजळी चिमणीच्या दोन्ही अंगांना पसरलेली हवी, चिमणीच्या तोंडाशी दाट आणि बाकी छतभर पातळ.

कॅमलच्या तैलरंगांतला आयव्हरी ब्लॅक आणि बर्न्ट अंबर, दोन भागांना एक. नुसता काळा वापरला तर छताला भोक पडल्यासारखा दिसतो. रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावला, थोडा सुकू दिला आणि कोरड्या सपाट ब्रशनं मधूनच पुसत गेलो. पावसानं जिथं धुतलं असेल तिथंच पुसायचं: छताच्या गोलाईच्या कडा, रिव्हेटच्या ओळींमधली सपाटी. जाळीच्या कडेला आणि उचलायच्या हुकांभोवती काजळी तशीच राहू दिली. तिथं पाणी साचतं, वाहत नाही.

१७ नोव्हेंबर

बाजू. छतावरची काजळी पावसाबरोबर खाली येते तेव्हा तिच्या उभ्या रेघा होतात. या रेघा कुठूनही सुरू होत नाहीत. कॅबच्या दारावरची पन्हळ जिथं संपते तिथून, दाराच्या वरच्या कोपऱ्यातून, बिजागरीखालून, लूव्हरच्या (हवेच्या झरोक्याच्या) पट्टीच्या टोकातून. तैलरंगाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका ठेवायचा आणि टर्पेंटाइननं जेमतेम ओलसर केलेला ब्रश वरून खाली एकदाच ओढायचा. रेघ खाली येता येता विरली पाहिजे.

क्रीम पट्ट्यावर या रेघा उठून दिसतात, निळ्यावर जवळपास दिसतच नाहीत. तरी निळ्यावरही काढल्या. त्या नसत्या तर क्रीमवरचे डाग हवेतून आल्यासारखे वाटले असते.

काकांचं तेल: इंजिनासमोरच्या दारांच्या हँडलभोवती गडद तपकिरी तैलरंगात चकचकीत वार्निश मिसळून लावलं. बाकी सगळं अंग मॅट आणि तेवढाच भाग चमकणारा. डिझेल टाकीच्या तोंडाखालीही तसंच. पाच हजार लिटरची टाकी भरताना सांडतंच, आणि सांडलेल्या डिझेलवर धूळ धरून काळा ओघळ बनतो. चालायच्या पट्टीवर कडेला मॅट धूळ ठेवली, मधोमध पायांनी घासून आलेली चमक.

गंज मुद्दाम कमी ठेवलाय. धावतं इंजिन ठरल्या वेळी शेडमध्ये जातं, धुतलं जातं, त्याला रंगाचे हात मिळतात. गंज फक्त पायऱ्यांच्या कडांना, कॅटल गार्डच्या खालच्या पट्टीला आणि कपलरच्या उघड्या लोखंडावर.

२४ नोव्हेंबर

बोगी आणि खालचा भाग. माझ्या दृष्टीनं सगळ्या मॉडेलातलं हे सर्वांत मोलाचं काम, कारण इथं दोन तपकिरी रंग एकमेकांत मिसळतात आणि तरी वेगळे राहिले पाहिजेत. पहिला ब्रेकचा. बिडाचे ब्रेक ब्लॉक चाकावर घासले की लोखंडाची भुकटी उडते आणि दमट हवेत गंजते; तिचा रंग गडद, किंचित जांभळट. ती चाकांच्या तोंडावर, ब्रेक ब्लॉकच्या आसपास आणि फ्रेमच्या आतल्या कडांवर बसते. दुसरा जांभ्याचा, केशरी झाक असलेला. तो पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वर उडतो, म्हणून त्याचा जोर बोगीच्या खालच्या अर्ध्या भागावर, टाकीच्या तळावर आणि पायऱ्यांच्या मागच्या बाजूला.

आधी ब्रेकची भुकटी: पिगमेंट पावडर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवून फ्रेमच्या खाचांत सोडली. ती वाळल्यावर गावची माती. ब्रश भिजवून बोटानं केस मागे ओढून सोडले, तसे बारीक शिंतोडे उडतात. दिशा चाकाकडून बाहेर आणि वर. शेवटी वाळूच्या नळीच्या तोंडाशी चाकाजवळ फिकट राखाडी पावडरची अगदी पातळ पूड. चढावर चाक घसरू नये म्हणून वाळू सोडतात, आणि पावसाळ्यात तर जास्तच.

गिअरकेसच्या (दातेरी चाकांच्या पेटीच्या) तळाला तेलकट काळा हात. तिथं माती कोरडी राहूच शकत नाही, ती तेलात भिजून काळी पडते. लाल मातीवर काळं तेल, आणि त्यावर पुन्हा ताजे लाल शिंतोडे, असे तीन थर आलेत. भिंगातून बघताना ते तिन्ही वेगवेगळे ओळखू येतात.

१ डिसेंबर

काचा. वायपर फिरतो तेवढी काच स्वच्छ, बाकीची धुळकट. मास्किंग टेपमधून कंपासला पातं लावून पंख्याच्या आकाराचा तुकडा कापला, काचेवर चिकटवला, धुळीचा पातळ फवारा मारला आणि टेप काढली. वायपरचं पातं बरोबर त्या कमानीच्या कडेला टेकवलं.

दसऱ्याच्या खुणा. शेडमध्ये इंजिनांची पूजा होते. शॉर्ट हूडच्या तोंडावर कुंकवाचं स्वस्तिक, हळदीची बोटं, झेंडूची माळ. हे मॉडेल त्यानंतरच्या आठवड्यातलं, म्हणून स्वस्तिक परतीच्या पावसात ओघळलेलं दाखवलं: तांबड्या तैलरंगानं तीन मिमीचं काढून ओल्या ब्रशनं एकदाच खाली ओढलं. माळ बारीक सुताला पिवळ्या-केशरी फोमचा भुगा चिकटवून केली आणि त्यावर पातळ तपकिरी रंगाचा वॉश दिला, कारण आठवड्यानं झेंडू काळवंडतो. माळेचं एक टोक सुटून कॅटल गार्डवर आलंय. अमेरिकन मॉडेलांच्या पुस्तकात ही खूण मिळणार नाही, पण आपल्या इंजिनाचा चेहरा तिच्याशिवाय पुरा होत नाही.

८ डिसेंबर

चाकांची धावती कड आणि बफरच्या तोंडांचे मध्य घासून उघडे केले. बफरच्या तोंडावर काळं ग्रीस, मध्ये समोरच्या बफरनं घासलेला लंबगोल. बोगी परत बसवली, मॅट वार्निशचा शेवटचा हात फक्त बॉडीला दिला, तेलाचे डाग टेपनं झाकून.

मित्राच्या रुळांवर आठ डब्यांची गाडी जोडून चालवून पाहिलं. सर्वांत घट्ट वळणावर मधलं चाक रुळाला नीट धरून राहतं, व्हॅक्यूमचा नळ मात्र कपलरला घासत होता. तो दोन मिमी बाहेर वाकवला. कॅबच्या छतावरचा पिवळा फ्लॅशर लागायचा आहे. ध्वनीच्या डिकोडरसाठी (आवाज काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीसाठी) टाकीत जागा ठेवलीय. त्यात अल्को २५१ चा, म्हणजे या इंजिनातल्या डिझेल यंत्राचा, उभ्याउभ्या चालतानाचा (आयडलचा) ठेका भरायचा. काकांकडे शेडमधलं जुनं कॅसेट रेकॉर्डिंग आहे, ते पुढच्या रविवारी उतरवून घ्यायचं.